तंबू ठोकण्याआधी तिथी बघा

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा जिल्हा झाला. तोवर आमचा ठाणे जिल्हा माळशेजच्या कड्यापासून थेट डहाणू-बोर्डीच्या समुद्रापर्यंत पसरलेला होता. वैशाखरे त्याच्या पूर्वेकडच्या टोकाला. कल्याण-नगर रस्त्याने मुरबाड, सरळगाव, टोकावडे मागे पडलं की आमचं गाव येतं आणि समोर नानाचा अंगठा हा कडा उभा राहतो. जिल्ह्याची हद्द बदलली, पण समुद्राशी असलेला आमचा व्यवहार काही बदलला नाही. आठवडी बाजारात जवळा, सुकट, बोंबील अजून तिकडूनच येतात. आणि भात झोडून झालं, थंडी पडली की आम्ही घरची मंडळी तंबू गाडीच्या टपावर बांधून केळव्याला नाहीतर बोर्डीला जातो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळेतले पालक, कल्याण-डोंबिवलीचे नातेवाईक, सगळे एकच विचारतात, "बाई, लहान पोरं घेऊन तंबूत राहता येतं का हो?" येतं. तान्हं मूल आणि म्हातारं माणूस बरोबर असलं तरी येतं. पण लोक हे विचारतात आणि लगेच तंबूच्या किमतीवर येतात. मुक्काम चांगला होतो की फसतो, हे तंबूच्या किमतीवर ठरत नाही. प्यायचं पाणी, संडास, जागा कोणाची आहे आणि समुद्रकाठी असाल तर तिथी कोणती, यावर ते ठरतं. यातली तिथी बहुतेक कोणाच्या लक्षातच नसते, म्हणून आधी तिच्याबद्दल.

समुद्राला दिवसात दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, हे शाळेत शिकवलेलं सगळ्यांना आठवतं. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. आपल्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा यावरून बसवलेला हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीन. अष्टमीला सकाळ-संध्याकाळ सहा. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. पूर्ण भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी, तिला कोळी सुकती म्हणतात. जागेप्रमाणे थोडा फरक पडतो, पण मुक्काम ठरवायला हा हिशेब पुरतो. मोबाइल नसला तरी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून तो करता येतो.

आता हा हिशेब मुलांच्या खेळण्याला लावून बघा. शहरातली कुटुंबं समुद्रकाठी राहायला बहुधा पौर्णिमा निवडतात, चांदणं मिळतं म्हणून. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येते, पाणी सर्वांत वर चढतं आणि सर्वांत खाली उतरतं. मुंबई आणि तिच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावर हा चढउतार उधाणाला चार मीटरच्या आसपास जातो. एवढं पाणी सहा तासांत आत-बाहेर करतं, म्हणजे त्याला ओढ किती असेल बघा. पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमाराला भरती पुरी होते. जेवणं होऊन मुलं पाण्यात जायला अधीर झालेली असतात, तेव्हा नेमकी ओहोटी सुरू असते, आणि ती संध्याकाळपर्यंत चालू राहते. किनाऱ्यावरची जुनी माणसं ओहोटीत पाण्यात उतरू नका म्हणून परोपरीनं सांगतात, ते याचसाठी. उतरतं पाणी माणसाला आत घेऊन जातं. शिवाय रात्री साडेअकराला, सगळे गाढ झोपेत असताना, तेच उधाणाचं पाणी पुन्हा वर चढतं.

अष्टमीला उलट. चंद्र आणि सूर्य यांची ओढ काटकोनात असते, पाणी फार चढत नाही आणि फार उतरत नाही. याला भांग म्हणतात. पाणी सगळ्यांत शांत अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी असतं, म्हणून मी अष्टमी ते दशमी धरते. दशमीची भरती साडेसातला, सुकती दुपारी दीडच्या सुमाराला. म्हणजे दुपारी दीडपासून संध्याकाळपर्यंत पाणी हळूहळू चढत असतं, किनाऱ्याकडे येत असतं. गुडघाभर पाण्यात मुलांना खेळू द्यायला याहून चांगली वेळ नाही. सकाळी वाळू उघडी होत जाते, तेव्हा किल्ले करायचे, शंख-शिंपले वेचायचे. आणि शुक्ल पक्षातली अष्टमी असली तर अर्धा चंद्र मध्यरात्रीपर्यंत वर असतो, जेवणाला चांदणंही मिळतं. केळव्याला आम्ही ज्यांच्या वाडीत उतरतो त्या काकू फोनवर तारीख ऐकली की आधी तिथी मोजतात. तिथी उधाणाची निघाली तर सरळ सांगतात, "पुढच्या आठवड्यात या, पोरं बरोबर आहेत ना?" गिऱ्हाईक घालवायची तयारी ठेवून असं सांगणाऱ्या माणसाकडे मी डोळे मिटून उतरते.

तंबू कुठे लावायचा, हेही भरतीच सांगते. वाळूवर आडवी एक रेघ दिसते: सुरूच्या काड्या, शेवाळ, फुटके शिंपले, जाळ्याचे तुकडे. शेवटची मोठी भरती तिथवर आली होती. तंबू त्या रेघेच्या बराच वर, वाळूची टेकडी ओलांडून, सुरूच्या झाडांच्या मागच्या बाजूला. नारळाखाली कधीही नाही, मग सावली कितीही सुंदर पडलेली असो. सुरूखालीही वाळलेली फांदी लोंबत नाही ना, ते वर मान करून बघायचं.

वाळूत एक अडचण हमखास येते. तंबूबरोबर मिळणाऱ्या बारीक खुंट्या वाळूत धरत नाहीत. दुपारचा खारा वारा जोर धरतो आणि खुंट्या एकेक करून वर येतात. आमचे दीर त्यावर घरचा उपाय करतात. खताच्या रिकाम्या पिशव्या धुऊन बरोबर घेतात, त्यात वाळू भरून तोंड दोरीने बांधतात, हातभर खोल खड्डा करून पिशवी आडवी पुरतात आणि तंबूचा ताण त्या दोरीला देतात. वर वाळू ओढून पायाने दाबायची आणि थोडं पाणी मारायचं. चार कोपऱ्यांना चार पिशव्या पुरल्या की तंबू हलत नाही. निघताना पिशव्या उकरून रिकाम्या करून परत घ्यायच्या, एकही मागे राहता कामा नये. दार वाऱ्याच्या आडोशाला ठेवायचं. रात्री वारा फिरतो, जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो, पण तो मवाळ असतो. हिवाळ्यात पहाटे दव इतकं पडतं की वरचं कापड पावसात भिजल्यासारखं निथळतं. त्यासाठी तंबूच्या वरच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवाव्यात. बंद ठेवल्या तर आतल्या माणसांच्या श्वासाचं पाणी आतल्या बाजूला जमतं आणि अंथरुणं ओली होतात. घरी आल्यावर तंबू गोड्या पाण्याने धुवा, विशेषतः चेन. मिठाने ती गंजली की तंबू निकामीच झाला.

आणि शेगडी, कोळसा, गॅस, काहीही असो, तंबूच्या आत पेटवायचं नाही. थंडी वाजते म्हणून निखाऱ्याची शेगडी आत घेऊन झोपणं जिवावर बेततं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

आता संडास. बायका सहलीला नको म्हणतात त्यामागचं निम्मं कारण हेच असतं आणि ते कोणी उघड बोलत नाही. रिकाम्या किनाऱ्यावर तंबू टाकून "निसर्गात" राहणं पुरुषांना सोपं जातं. आई, मुली, सासू बरोबर असतील तर मी एकच सल्ला देते: तंबू वाडीत लावा. केळवे, बोर्डी, घोलवड, डहाणू, तसंच खाली किहीम, नागाव इथे नारळी-सुपारीच्या, चिकूच्या वाड्या आहेत. वाडीवाल्यांकडे विहीर असते, संडास-न्हाणीघर असतं, अंगणात दिवा असतो. तंबूसाठी जागेचं भाडं द्या, जेवण त्यांच्याकडे सांगा. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तो चिकू झाडाखाली बसून खायला मुलांना जो आनंद होतो, त्यासाठी तरी वाडीत राहावं. केळव्याला पानवेली बघायला मिळतात, शितलादेवीचं देऊळ आहे, वाळूत उभा असलेला जुना कोट आहे. बोर्डीला किनारा इतका सपाट की सुकतीला पाणी पार दूर जातं. तिथे मुलांना चालायला मोकळी जागा मिळते, पण पाणी परत फिरतं तेव्हा ते झपाट्याने येतं हे लक्षात ठेवूनच चालायचं.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावात ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक जातात. तिथे गावकऱ्यांनी आपली घरं पाहुण्यांना उघडली. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन कासवांची अंडी राखायचं काम उभं केलं. कासवाच्या माद्या हिवाळ्यातच वर येतात, म्हणजे आपल्या तंबूच्या दिवसांतच. त्या उजेडाला बिचकतात आणि पिल्लं उजेडामागे भलतीकडे जातात. म्हणून किनाऱ्यावर मोठे दिवे आणि शेकोट्या लावू नयेत. गाडी वाळूवर तर मुळीच नेऊ नये. एक म्हणजे ती रुतते आणि भरतीच्या आधी ती काढायला ट्रॅक्टर शोधत फिरावं लागतं. दुसरं, कासवांची आणि खेकड्यांची घरं त्या वाळूतच असतात.

पाण्याचं थोडक्यात. किनाऱ्याजवळच्या पुष्कळ विहिरींचं पाणी मचूळ असतं. चार माणसांच्या कुटुंबाला पिण्या-रांधायला दिवसाला वीस लिटरचा एक जार तरी घरून किंवा वाटेत भरून घ्यावा. अंघोळ, भांडी वाडीच्या विहिरीवर.

गेल्या हिवाळ्यात सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे आम्ही कॅराव्हॅन भाड्याने घेतली. टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली, आत झोपायला बाक, ओटा, छोटा फ्रिज, छतावर सौर पत्रे आणि मागे संडास. सासूबाई आत पलंगावर, मुलं बाहेर तंबूत, अशी ती व्यवस्था फार छान जमली. जमिनीवर बसता-उठता न येणाऱ्या माणसालाही पहाटेचा समुद्र अंथरुणातून दिसला. २०२१ मध्ये राज्य सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून भाड्याच्या गाड्या जास्त दिसू लागल्या आहेत. पण भाड्याने घेणाऱ्यांनी गाडी ताब्यात घेताना काही गोष्टी विचारल्याच पाहिजेत. गाडीच्या आतल्या बॅटरीवर पंखा आणि दिवे किती तास चालतात? गोड्या पाण्याची टाकी किती लिटरची? आणि सर्वांत महत्त्वाचं, भांडी-अंघोळीचं पाणी कुठे साठतं, संडासाची टाकी कुठे रिकामी करायची? हा शेवटचा प्रश्न विचारला की पुष्कळ मालक गप्प होतात. टाकी ओढ्यात, वाळूत किंवा शेताच्या बांधावर सोडणं हे त्या गावावर अन्याय करणं आहे, कारण ओढ्याच्या खाली कोणाची तरी विहीर असते. टाकी शौचालयाच्या सेप्टिक टाकीतच रिकामी करायची, आणि त्यासाठी वाडीवाल्याची किंवा हॉटेलवाल्याची परवानगी आधी घ्यायची.

उंचीही लक्षात ठेवावी. कोकणातले वाडीकडे जाणारे रस्ते अरुंद, वरून विजेच्या तारा आणि आंब्याच्या फांद्या. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून गाड्यांची रो-रो बोट सुरू झाली, दाभोळच्या खाडीवर आणि आगरदांडा-दिघीला फेरीबोट आहे. अशा बोटींवर चढताना सुकतीला उतार तीव्र असतो आणि लांब गाडीचा मागचा भाग घासतो. तेव्हा तिथीचा हिशेब इथेही कामाला येतो.

अमेरिकेत माझी मावसबहीण कॅलिफोर्नियात राहते. तिथल्या राज्य उद्यानांच्या समुद्रकाठच्या तळांवर जागा सहा महिने आधी राखून ठेवता येते. प्रत्येक जागेला नंबर, लाकडी मेज, शेकोटीला लोखंडी कडं. रात्री दहा ते सकाळी सहा आवाज बंद. जनित्र फक्त सकाळी दहा ते रात्री आठ या वेळेतच चालवायचं. तिचं मत असं की तिथल्या समुद्रापेक्षा तिथली शांतता जास्त आवडते. आपल्याकडे राज्यभर असे तळ उभे राहायला वेळ लागेल. तोवर रात्री दहानंतर गाणी बंद करणं आपल्या हातात आहे. वाडीतल्या माणसांना पहाटे उठून पाणी लावायचं असतं.

आणि आता आमच्या गावाकडची गोष्ट, कारण समुद्रापासून घाटमाथ्याकडे जाताना मुक्काम कसा करावा हे आमच्या नाणेघाटाच्या वाटेनं फार आधी शिकवून ठेवलं आहे. सोपारा आणि कल्याण ही प्राचीन बंदरं. तिथे उतरलेला माल बैलांवर लादून जुन्नर, पैठणकडे जायचा, तो नाणेघाटातून. घाटमाथ्याच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. लेण्याच्या आसपास खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण आहे. वर जीवधन किल्ला वाटेवर नजर ठेवून. या सगळ्याकडे मी आता मुक्काम करणाऱ्याच्या नजरेनं बघते. डोक्यावर छप्पर, जवळ पाणी, वाट राखणारी माणसं आणि मुक्कामासाठी दिलेला मोबदला. आज आम्ही वाडीत तंबू लावतो तेव्हा याहून वेगळं काही शोधत नसतो.

आमच्याकडच्या लोकांना कुटुंब घेऊन उघड्यावर राहायची सवय जुनी आहे. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हसोबाची म्हसा यात्रा भरते, बैलांच्या बाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी प्रसिद्ध. सासूबाई सांगतात, बैलगाडीला पाल बांधून, खाली पेंढा पसरून, पोराबाळांसकट मुक्काम करायचे. त्यातला पेंढा मी अजून सोडलेला नाही. नोव्हेंबरनंतर भातकापणी झालेली खाचरं तंबूसाठी उत्तम. सपाट, कोरडी, चारी बाजूंनी बांध. पण कापलेल्या भाताची खुंटं टोकदार राहतात आणि तंबूचा तळ फाडतात. म्हणून आधी पेंढा हातभर जाड पसरायचा, त्यावर ताडपत्री, त्यावर तंबू. अंगाला ऊब राहते. शेकोटी मात्र बांधापलीकडे, खूप लांब, कारण पेंढा क्षणात पेट घेतो. आणि खाचर कोणाचं आहे ते विचारून, त्याला भाडं देऊन.

घाटाच्या पायथ्याशी असो की समुद्राशी, रात्री तंबूची चेन पूर्ण बंद ठेवा. मण्यार रात्री फिरते आणि अंथरुणात येते. फुरसं दगडांच्या आडोशाला, पाचोळ्यात. चपला-बूट आत घ्यायचे, सकाळी आपटून मगच घालायचे, रात्री बाहेर पडताना बॅटरी लागतेच. साप चावलाच तर बांधाबांध, चिरा, मांत्रिक काही नाही. चावलेला हात किंवा पाय हलू न देता जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जायचं, सर्पदंशावरचं प्रतिविष तिथे मिळतं. मुक्कामाच्या जागेपासून ते रुग्णालय किती लांब, हे निघण्याआधीच विचारून ठेवायचं.

पावसाळ्यात मात्र ना समुद्र ना घाट. जून ते सप्टेंबर माळशेजच्या रस्त्यावर दरडी येतात, समुद्र खवळलेला असतो. तंबूसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढेच दिवस.

तुमच्या घरात पहिल्यांदाच तंबू उघडणार असेल तर एकच रात्र ठेवा आणि वाडीतच लावा. कचऱ्याची पिशवी भरून घरी परत आणा. आणि आता उठून दिनदर्शिका काढा. मार्गशीर्ष, पौष, माघ या महिन्यांतली शुक्ल अष्टमी, नवमी, दशमी शनिवार-रविवारी कधी येते ते बघा आणि त्या तारखेवर मुलांच्या हाताने गोल करून ठेवा.